चौथी टाकी

क्षमा या वाड्यात सून म्हणून आली त्याला दुसरा उन्हाळा लागला, तरी पद्मावतीने तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं.

मुळगावच्या पुढे, डोंगराच्या उतरणीवर हा वाडा, म्हणजे घरांची वस्ती. खाली सातेरीचं देऊळ, वर काजूची बाग, भाट, आणि मधे तांबड्या चिऱ्यांची घरं एकमेकांकडे पाठ करून बसलेली. पद्मावतीने मुळगावातल्या एका घरी शब्द दिला होता. मुलगी पाहिली होती, ओटी भरली होती. साईशने, तिच्या मुलाने, तो शब्द न विचारता मोडला आणि पेडण्यातल्या इब्रामपूरची क्षमा करून आणली. लग्नाच्या संध्याकाळी नव्या सुनेने पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा पद्मावती म्हणाली, "थंय ठेव." मग उठून ती विहिरीवर गेली, आपल्या हाताने कळशी ओढली आणि चार पाहुण्यांच्या देखत ओंजळीने प्यायली.

तेव्हापासून तेच. भात सुनेने रांधलेला चालायचा, पण तो पद्मावतीने ओढलेल्या पाण्यात रांधलेला. साईश वास्कोला बंदरात कामाला. शनिवारी यायचा, रविवारी जायचा, आणि मधल्या वेळात कुणाचीच बाजू घ्यायचा नाही. त्यामुळे दोघीही त्याच्यावर रागावलेल्या.

दारातल्या विहिरीला पाणी होतं तोवर हे वैर फुकट होतं. दोन पावलं जायचं, ओढायचं, प्यायचं. मग या वर्षी रस्ता रुंद करायला घेतला, नळ खणून काढले, आणि फाल्गुन सरता सरता विहिरींचा तळ दिसू लागला. पद्मावतीच्या विहिरीत बादली सोडली की पाण्याऐवजी दगडाचा आवाज यायचा.

क्षमाही काही मऊ मातीची नव्हती. इब्रामपूरहून रोज बस पकडून ती शिकली, एका वर्गात एकटी मुलगी म्हणून बसली, आणि आता म्हापशाच्या एका कॉलेजात कंप्युटर शिकवत होती. तिचा आवडीचा विषय असा, की तो ऐकून लोक आधी हसत आणि मग चिडत. जगात असे प्रश्न आहेत, ती मुलांना सांगायची, ज्यांचं सगळ्यात चांगलं उत्तर नक्की आहे, पण ते शोधायला बसलात तर प्रश्न जरा मोठा झाला की यंत्र गंजून जाईल आणि उत्तर मिळणार नाही. अशा वेळी जवळपासचं उत्तर घ्यायचं. पण अंदाजपंचे नव्हे. आपलं उत्तर सगळ्यात चांगल्या उत्तरापासून जास्तीत जास्त किती लांब पडेल, ते आधी सिद्ध करायचं आणि मगच तोंड उघडायचं. तिला या शास्त्रात आवडायचा तो हा शब्द देण्याचा भाग. वाईट झालं तर किती वाईट होईल हे छातीवर हात ठेवून सांगणं. चांगलं होईल असं काय, कोणीही सांगतं.

वाड्याचा पंच गोपाळ एका सकाळी पोदेराकडून पाव घेता घेता तिच्या दारात थांबला.

"बाय, चार टाक्या गावल्यात. टँकर येऊन भरतलो. आता त्या ठेवच्या खंय?"

"माका कशाक विचारतात?"

"माझ्या दारात नको असा म्हणणारो एकव नाय. शेजाऱ्याच्या दारात ठेवा असा म्हणणारोव एक नाय. माका शिव्या खाऊन पोट भरला. तू शिकलेली, नवी. आता तू खा."

"कंप्युटरात घालूक येतला," क्षमा म्हणाली. "चार टाक्या म्हणजे काय मोठा नाय, तो सगळ्या जागा तपासून सांगतलो. पण मगे लोक म्हणतले, कंप्युटर हिचो, उत्तरव हिचा. त्यापेक्षा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करूया."

आणि तिने रीत सांगितली. पहिली टाकी कुठेही ठेवायची. देवळापुढे ठेवू, म्हणजे भांडण नाही. मग बघायचं, देवळापासून सगळ्यात लांब घर कुणाचं. दुसरी त्याच्या दारात. मग या दोन्हींपासून सगळ्यात लांब कोण उरला, तिसरी तिथे. चौथी तशीच.

"म्हणजे कोपऱ्यात पडलेल्याक टाकी," गोपाळ म्हणाला. "आणि मधलो बोंबलतलो."

"बोंबलूंदे."

"पण ह्या सगळ्यात बरा काय?"

"सगळ्यात बरा नाय. पण शब्द देतंय. खंयचोव शहाणो येऊन चार टाक्या लावूंदे. त्याच्या मांडणीत ज्येका सगळ्यात जास्त चालाचा पडात, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त आमच्यात कोणाक चालाचा पडाचा नाय."

गोपाळने पाव कागदात नीट गुंडाळले. "दुप्पट," तो म्हणाला. "माझ्या बायलेक हो शब्द दिलो तर ती माका घरात घेवची नाय." पण त्याने देवळात बैठक बोलावली.

वाडा बैठकीला आला तो रीत समजून घ्यायला नव्हे. शिकलेली सून चुकते कुठे, ते बघायला. पद्मावती उजवीकडच्या खांबाला टेकून बसली. तिची जाऊ यशोदा डावीकडच्या. दोघींची घरं शेजारी शेजारी, मधे फक्त एक गडगा, दगडांचा बुटका बांध, आणि बोलणं कित्येक वर्षं बंद. एका घराची दोन घरं झाली तेव्हा चुली वेगळ्या झाल्या त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण मग गणपती वेगळा केला. गणपतीचा चौरंग एकीकडे गेला, त्यावर फळं टांगायची माटोळीची चौकट दुसरीकडे, आणि त्या चतुर्थीपासून एकीच्या आरतीच्या वेळी दुसरी मुद्दाम मिरच्या कुटायला घ्यायची.

"दुप्पट कशावरून?" मागून विठूने विचारलं. तो काजूच्या भाटाखाली राहायचा आणि कुणावरही विश्वास न ठेवणं हा त्याचा एकमेव उद्योग होता.

क्षमा उभी राहिली. "समजा, ह्या रीतीन चार टाक्या लावल्या आणि तरी एक बाई उरली, जिका फार चालाचा पडता. ती कुठल्याच टाकीच्या जवळ नाय. मगे त्या चार टाक्या जिच्या जिच्या दारात आसत त्या चार जागा, आणि ही पाचवी बाई. ह्या पाचांतली खंयचीव दोघी घ्या, त्या एकमेकींपासून ह्या पाचवीच्या चालण्याइतक्याच लांब, नाय तर त्याहून लांब. कारण आम्ही दर वेळी लांबचोच निवडलो. बरोबर?"

विठूने बोटांवर पाच मोजून पाहिले.

"आता येऊंदे तो जगातलो शहाणो. त्याच्याकडेव टाक्या चारच. पाच बायका, टाक्या चार. म्हणजे कोणी तरी दोघी एकाच टाकीवर येतल्या. एक आपल्या घराकडून येतली, दुसरी आपल्या. दोघींच्या चालण्याची बेरीज केली, तर ती एका दारातून दुसऱ्या दारात जाण्याच्या वाटेपेक्षा कमी होऊक शकत नाय. म्हणजे त्या दोघींतली एक तरी अर्धी वाट चालतलीच. शहाण्याचीव एक बाई अर्धी वाट चालता. आमची पुरी चालता. झाली दुप्पट."

सभामंडपात हालचाल झाली. बायका पदराआड हसल्या. विठूसुद्धा हसला. क्षमाला वाटलं, कळलं नाही म्हणून हसतात.

"दोघी एकाच टाकीवर येतल्या," यशोदा खांबाला उद्देशून म्हणाली. "आयकलंस मगे, सातेरी."

पद्मावतीने समईची वात सारखी केली.

अंतरं मोजायचं काम क्षमाने कोणावर सोडलं नाही. नकाशावरच्या रेघेवर तिचा भरवसा नव्हता. कळशी रेघेवरून जात नाही, पायांवरून जाते. सुट्टीच्या दिवसांत ती कमरेवर रिकामी कळशी घेऊन दारोदार चालली. घरापुढच्या या खळ्यातून त्या खळ्यात, गोठ्याच्या मागून, माडांच्या आळ्यांवरून. कुठेही तिला कोणी अडवलं नाही. नवी सून म्हणून जिथे तिथे कोकमाचं सरबत पुढे आलं, जनेलातून म्हातारे डोकावले, माहेरची चौकशी झाली. पद्मावतीच्या मागच्या अंगणात गडग्याला एक खिंड होती, तिच्यात पाय टेकायला सपाट चिरा. ती त्यावर चढून यशोदाच्या खळ्यात उतरली. चिऱ्यावर गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. ते तिने पाहिलं, साडी आवरली, आणि त्याचा अर्थ लावला नाही. अबोला तोंडाचा असतो एवढंच तिला ठाऊक होतं.

पद्मावतीने चुलीपाशी उभं राहून तिला गडगा उतरताना पाहिलं. त्या दिवशी तिने भाताच्या पेजेत मीठ घातलं नाही, आणि का घातलं नाही तेही सांगितलं नाही.

पहिली टाकी देवळापुढे बसली. दुसरी वर भाटाच्या तोंडाशी, सुलोचनाच्या दारात. तिसरी खाली ओहोळावरच्या साकवापाशी, तिथल्या घरापुढे. चौथीसाठी उरलेल्यांत सगळ्यात लांब निघालं ते यशोदाचं घर. तिच्या मागच्या तीन घरांचीही त्यामुळे सोय झाली. पद्मावतीचं दार तिथून एक गडगा ओलांडला की आलं. क्षमाने दोनदा मोजून पाहिलं. उत्तर तेच आलं.

काळी टाकी यशोदाच्या दारात उतरली आणि वाड्याने आपलं तोंड उघडलं.

"पेडण्याची बाय हुशार," विठू देवळाच्या पायरीवर मोठ्याने म्हणाला. "देवाचा नाव घेऊन सुरुवात आणि सासूच्या मागीलदारात शेवट."

घरी पद्मावती वाटच बघत होती. "माझ्या वैरिणीच्या दारात टाकी लावलंस," ती म्हणाली, "आणि लोक म्हणतत ती माझ्यासाठी. दोनय बाजूंनी माका खाल्लंस."

"मोजून लावलंय, आई. तुमका सगळ्यात जवळ."

"कोणाच्या पायांनी मोजलंस?"

"माझ्या."

"मगे तूच जा थंय. माझे पाय वेगळे आसत."

दुसऱ्या दिवसापासून पद्मावती कळशी घेऊन देवळाकडे जायला लागली. गडग्यापलीकडे टाकी पाण्याने तट्ट भरलेली, आणि ही चैत्राच्या उन्हात वाड्याला वळसा घालून सातेरीपर्यंत, आणि भरलेली कळशी घेऊन चढ चढून परत. तिचा डावा गुडघा दोन पावसाळे आधीच गेलेला. क्षमाने यशोदाच्या टाकीवरून आणलेल्या दोन कळशा स्वयंपाकघरात भरून ठेवल्या होत्या. पद्मावतीने त्या केळीला ओतल्या. केळ त्या उन्हाळ्यात फार छान वाढली.

मग क्षमाने बाकीच्या टाक्यांकडे नीट पाहिलं. वर सुलोचनाच्या दारातली टाकी अर्ध्याच्या खाली जात नव्हती. शेजारचा विठू पाण्याला साकवापर्यंत उतरत होता.

"सुलोचनाची टाकी चार पावलांवर आसा," तिने त्याला वाटेत गाठून विचारलं.

"तिच्या घोवान माझो काजू तोडलो. तिच्या खळ्यात पाय ठेवीन तो माझ्या मड्याचो."

"मोजायच्या वेळेक कोणी सांगूक नाय माका."

"तू वाट विचारलंस. वाट आसाच. चलता कोण, ता विचारूक नाय." त्याने कळशी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आणि घरातली गोष्ट तुका कशाक सांगतलो? तू कोणाची कोण?"

तेव्हा तिला देवळातलं हसू कळलं. तिने आपल्या पायांनी मोजलं होतं, आणि वाड्यात सगळी खळी ज्याला मोकळी होती असं माणूस एकच होतं, ती स्वतः. ती अजून कुणाच्या वैरात शिरली नव्हती. या वाड्यात अंतर पायांत नव्हतं. कुणी कुणाच्या गणपतीला जात नाही, कुणी कुणाचं मडं उचललं नाही, यात होतं.

आणि तिची सिद्धता ज्या एका नियमावर उभी होती, तोच नियम इथे लागू नव्हता. इथून तिथे जाता येतं, तिथून पुढे जाता येतं, तर इथून पुढेही तेवढ्यात जाता येतं. शाळेतलं पोरही मान्य करेल अशी गोष्ट. पण मधल्या घराशी वैर असेल तर इथून पुढची वाट डोंगराला वळसा घालून जाते, किंवा नसतेच. मग बेरीज चुकते, दुप्पट चुकते आणि शब्द पडतो. शास्त्र खोटं नव्हतं. शास्त्राने आधीच सांगितलं होतं की मी कशावर उभं आहे. तिने खाली वाकून पाहिलं नव्हतं, एवढंच.

तिने एक एक वैर विचारून काढलं. लोकांनी दुसऱ्यांची आनंदाने सांगितली. कॉलेजात मोकळ्या तासाला तिने ती सगळी कंप्युटरात घातली, आणि या वेळी जवळपासचं उत्तर न मागता सगळ्यात चांगलं मागितलं. यंत्राने घरांच्या सगळ्या चौकड्या तपासल्या. कुठल्याही चार दारांत टाक्या ठेवल्या, तरी एक ना एक घर असं उरत होतं, ज्याला जवळची म्हणावी अशी टाकीच नाही. चौथी टाकी उचलून पद्मावतीच्या दारात आणली, तर यशोदा आणि तिच्या मागची तीन घरं कोरडी पडत होती. सगळ्यात चांगलं उत्तर सापडलं होतं, आणि ते वाईट होतं.

त्याच दुपारी ती घरी परतत असताना देवळाच्या चढावर पद्मावती एका चिऱ्यावर बसलेली दिसली. कळशी आडवी झालेली, पाणी तांबड्या मातीत मुरून गेलेलं, आणि ती आपल्या गुडघ्याकडे अशी बघत होती जसं एखाद्या चोरी करताना पकडलेल्या गड्याकडे बघावं.

क्षमाने स्कूटर थांबवली. "बसा मागे."

"नको."

"आई, मी चुकलंय. माझी मोजणी चुकली."

"ता सगळ्या वाड्याक म्हायत आसा."

"टाकी तुमच्या दारात आणूक येता. गोपाळबाब तयार आसत. पण मगे यशोदाकाकी उन्हात चलतली."

"चलूंदे."

"मगे शब्द तिच्यापाशी मोडतलो. तुमच्यापाशी मोडलो काय, तिच्यापाशी मोडलो काय, मोडलो तो मोडलोच."

पद्मावतीने मान वर केली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर समाधानासारखं काही आलं. "आता कळला?" ती म्हणाली. "माझो शब्द तुम्ही दोघांनी मोडलात. मुळगावच्या त्या घरासमोरसून मी आज काय तोंडान जातंय, तुका म्हायत नाय. आता तुझो मोडलो. आता तूव तशीच चल ह्या वाड्यातसून. बघ कसा वाटता."

क्षमाने ते ऐकून घेतलं. तिला राग आला, आणि बाई खरं बोलते हेही कळलं, आणि त्यामुळे राग वाढला. "दोनच वाटा आसत," ती म्हणाली. "माझ्या हातचा घ्या, नाय तर तिच्या दारात जावा. तिसरी मोजून बघितलंय. नाय."

"तू मोजलंस," पद्मावती म्हणाली, कळशी उचलली आणि रिकामी घेऊनच लंगडत घराकडे चालू लागली. क्षमा स्कूटर हळू करून तिच्या मागे राहिली. सगळा वाडा जनेलांतून बघत होता, की सासू पुढे, सून मागे, आणि पाणी कुणाकडेच नाही.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातून आली तेव्हा पद्मावती मागच्या दारात पाटावर बसली होती. समोर गडग्याची खिंड. तिथलं गवत कोयत्याने साफ केलेलं, सपाट चिरा उघडा पडलेला, आणि चिऱ्यावर पद्मावतीची कळशी. चिऱ्याला ओलीचं वर्तुळ होतं. कळशी भरलेली होती. पद्मावती तिच्याकडे बघत होती, पण उठत नव्हती.

पलीकडून यशोदाचा आवाज आला. ती आपल्या कोंबडीशी बोलत होती. "कोणी तरी रिकामी भांडी माझ्या गडग्यावर टाकून जाता गो. माका नको ती थंय, वाऱ्यान पडून आवाज करतत. म्हणून भरलंय. कोणासाठी भरूक नाय हां."

पद्मावती तुळशीकडे वळली. "गडगो कोणाचो," ती तुळशीला म्हणाली, "ता एकदा मापणी करून बघूक होया."

"बघा, बघा," यशोदा कोंबडीला म्हणाली. "शिकलेली सून आसाच मापूक."

कोंबडी ओरडली. दार लागल्याचा आवाज झाला. मग पद्मावती उठली, खिंडीपाशी गेली, पाय अलीकडेच ठेवून हात लांब केला आणि कळशी ओढून घेतली. आत डोकावून पाहिलं. "गळ्यापर्यंत नाय," ती म्हणाली. "नेहमीचीच चिकट." पहिली ओंजळ तिने तुळशीला घातली, थोडा वेळ तुळशीकडे पाहिलं, आणि दुसरी ओंजळ प्यायली.

क्षमा दारात उभी होती. चिऱ्यापासून यशोदाचं दार किती आणि हे दार किती, ते तिच्या डोक्यात आपोआप मोजलं गेलं. तिने घरं मोजली होती, दारं मोजली होती. वाड्यातल्या एकाही गडग्याचा माथा तिने जागा म्हणून धरला नव्हता.

"काकीक म्हणजे माफ केलात?" तिने विचारलं.

"चिऱ्यावरची कळशी उचललंय," पद्मावती म्हणाली. "चिरो काय बोलत नाय." ती पाटावर बसली, गुडघा चोळला आणि सुनेकडे न बघता पुढे म्हणाली, "उद्या तुका सुट्टी मा? मगे तू भर. तिच्या हातची कमी येता."

सकाळी क्षमा रस्त्याने फिरून यशोदाच्या खळ्यात गेली. चौथ्या टाकीची तोटी सोडली, कळशी काठोकाठ भरली, आणि दोन हातांनी उचलून चिऱ्यावर ठेवली. पाणी हललं, एक धार गडग्यावरून उतरली. पलीकडे पद्मावती उभी होती.

"मागे सर," ती म्हणाली.

क्षमा एक पाऊल मागे सरली.

"आणखी."

ती टाकीला पाठ लागेपर्यंत मागे सरली. मग पद्मावती पुढे आली आणि तिने कळशी उचलली.